माणसे जमवणारा राजा

भवानी मंडपातून खासबागेकडे निघालो की मला राजर्षी शाहू छत्रपतींची आठवण होते. कागलच्या घाटगे घराण्यात 26 जून 1874 रोजी जन्मलेले यशवंतराव 1884 मध्ये करवीरच्या गादीवर दत्तक आले आणि 1894 मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला. 1902 च्या युरोप प्रवासात रोमचे प्राचीन प्रेक्षागृह पाहून त्यांच्या मनाने घेतले, की आपल्या गावातही असे काही हवे. 1912 साली खासबागेत कुस्तीचे मैदान झाले. मध्ये लाल मातीचा हौदा, भोवती चढती बैठक. कुठेही बसा, कुस्ती दिसणारच! 1915 साली शेजारी पॅलेस थिएटर उभे राहिले. तेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह.

पण नुसते दगड रचून गाव एकत्र येते काय? अस्पृश्य समाजातील गंगाराम कांबळे यांना महाराजांनी भर शहरात चहाचे दुकान काढून दिले. तिथे कोणी फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले! 1919 साली सार्वजनिक ठिकाणी शिवाशिव पाळू नये, असा हुकूमच त्यांनी काढला. 6 मे 1922 रोजी, अठ्ठेचाळिशीही पुरी न होता, ते गेले.

ऑगस्ट 2024 मध्ये ते नाट्यगृह आगीत जळाले. सकाळी पाहायला गेलो, तर रस्ता माणसांनी भरलेला. त्या गर्दीत उभा असताना मला नाटके आठवली नाहीत; गंगारामांच्या दुकानातला तो चहा आठवला.