जनुकांच्या नकाशावरील कोसंबी

आषाढीपूर्वी आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे सोलापूर जिल्ह्यातील मुक्काम करीत पंढरपुरी पोहोचते. ही वाट भक्तिसंप्रदायाहूनही प्राचीन असावी, ऋतुमानानुसार कळप घेऊन फिरणाऱ्या अश्मयुगीन पशुपालकांची ती पायवाट असावी, असे अनुमान वाटेवरील लहान दगडी हत्यारांच्या आधारे मांडणारे विद्वान म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो. जगभरच्या जनुकशास्त्रज्ञांना मात्र कोसंबी हे नाव एका गणिती सूत्रामुळे परिचित आहे.

कोसंबी यांचा जन्म 31 जुलै 1907 रोजी गोव्यातील कोसबेन येथे झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. त्यांच्यासमवेत 1918 मध्ये दामोदर अमेरिकेला गेले आणि 1929 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले. बनारस व अलीगढ येथे अध्यापन केल्यानंतर 1933 मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. प्राचीन नाण्यांचे वजन करून त्यांची झीज संख्याशास्त्राने मोजणे आणि भर्तृहरीच्या सुभाषितांची हस्तलिखिते ताडून पाहणे, ही दोन्ही कामे त्यांनी सारख्याच चिकाटीने केली.

याच काळात, 1944 मध्ये, त्यांचा अवघ्या चार पानांचा एक निबंध लंडनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रश्न असा होता : गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर कसे मोजावे? बीजपेशी तयार होताना जोडीतील गुणसूत्रे आपल्या तुकड्यांची अदलाबदल करतात. जवळची जनुके क्वचितच विलग होतात, दूरची वारंवार. परंतु दोनदा झालेली अदलाबदल एकमेकींना झाकून टाकते आणि मोजलेले प्रमाण खऱ्या अंतरापेक्षा कमी भरते. हाल्डेन यांनी 1919 मध्ये प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र असल्याचे मानून सूत्र दिले होते. प्रत्यक्षात एके ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होण्याची शक्यता घटते आणि अंतर वाढेल तसा हा अडथळा ओसरतो. कोसंबींनी नेमके हेच गणितात बांधले. तीस टक्के संततीत जनुके विलग झालेली आढळल्यास हाल्डेनच्या सूत्राने अंतर सुमारे 46 एकके येते, कोसंबींच्या सूत्राने सुमारे 35. शोधाचे क्षेत्र ठरवताना हा फरक लहान नव्हे.

अशा नकाशांचे मोल सस्तन प्राण्यांमधील जैविक घड्याळाच्या शोधातून स्पष्ट होते. फळमाशीत दिनचर्या बिघडवणारे जनुकीय बदल 1971 मध्येच सापडले होते. सस्तन प्राण्यांचे घड्याळ मात्र गूढ होते. अमेरिकेत जोसेफ ताकाहाशी व सहकाऱ्यांनी रसायनाने जनुकीय बदल घडवलेल्या उंदरांची संतती सततच्या अंधारात ठेवून तिच्या हालचालींची नोंद केली. एका उंदराचा दिवस इतरांहून सुमारे तासाभराने लांबलेला आढळला. बदललेले जनुक आई व बाप या दोहोंकडून आलेल्या उंदरांत तो 27-28 तासांपर्यंत लांबे आणि पुढे लयच हरपे. हे जनुक कोणते, हे 1994 मध्ये ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते केवळ त्याचे पाचव्या गुणसूत्रावरील स्थान. त्या खुणेवरून 1997 मध्ये प्रत्यक्ष जनुक हाती आले. त्याचेच नाव ‘क्लॉक’.

या जनुकापासून बनणारे प्रथिन बीमॅल-1 या प्रथिनाशी जोडी जमवून ‘पीरियड’ व ‘क्रिप्टोक्रोम’ ही जनुके चालू करते. त्यांची प्रथिने साचली की तीच या जोडीला रोखतात. ती विरघळली की चक्र पुन्हा सुरू होते. या फेऱ्याला सुमारे चोवीस तास लागतात. झोप, शरीराचे तापमान आणि अन्नाचे पचन त्याच्याशी बांधलेले आहे. हे जनुक बिघडलेले उंदीर अवेळी खातात व लठ्ठ होतात, असे 2005 मध्ये आढळले. गिरण्यांच्या रात्रपाळीत आयुष्य घालविलेल्या सोलापूरसारख्या शहराला या संशोधनाचा अर्थ वेगळा सांगावा लागू नये.

नकाशाच्या या विद्येत कोसंबींचे सूत्र आजही हाल्डेनच्या सूत्राबरोबरीने वापरले जाते; वनस्पती व प्राणी यांचे जनुक-नकाशे रेखाटणाऱ्या संगणक प्रणालींत त्याचा पर्याय असतो. स्वतः कोसंबींच्या वाट्याला मात्र निराळे दिवस आले. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते दाखल झाले आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करू लागले. अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जा देशाच्या अधिक हिताची, हे मत त्यांनी लपवले नाही. रीमनच्या प्रसिद्ध गृहीतकाची त्यांनी दिलेली सिद्धता सदोष ठरली आणि गणितज्ञांतील त्यांची पत घसरली. 1962 मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. 29 जून 1966 रोजी पुण्यात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, झोपेतच त्यांचे निधन झाले.

मोठ्या समस्येवरील त्यांचा दावा टिकला नाही. चार पानांचा निबंध मात्र टिकला. प्रयोगशाळा हाताशी नसताना पुण्यात सिद्ध झालेले ते सूत्र आजही जनुकांच्या शोधात वाट दाखवीत आहे.