‘पुलमन’ डबा: आलिशान रेल्वेप्रवासाला नाव देणाऱ्याची कबर काँक्रीटखाली का?

जुन्या इंग्रजी सिनेमांत ‘पुलमन’ हा शब्द भेटतो. अर्थ, रेल्वेचा आलिशान डबा. मुळात ते आडनाव आहे. जॉर्ज मॉर्टिमर पुलमन, जन्म १८३१, न्यूयॉर्क राज्य.

वडील इरी कालव्याच्या रुंदीकरणात काठावरच्या इमारती उचलून मागे सरकवायचे. मुलाने ही विद्या शिकागोत नेली. शहर दलदलीवर वसलेले, सांडपाण्याला उतार नाही. म्हणून रस्त्यांसोबत इमारतीही उंच कराव्या लागल्या. पायाखाली स्क्रू जॅकच्या रांगा लावायच्या आणि इशारा झाला की सगळ्यांनी एकदम थोडेसे फिरवायचे. १८६१ मध्ये ट्रेमाँट हाउस हे हॉटेल असेच उचलले गेले, आत पाहुणे असताना! (इंजिनीअरिंग केलेल्यांना हेवा वाटेल असे काम.)

स्लीपर डबा पुलमन यांनीच शोधला, असे सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. असे डबे आधीही होते. त्यांनी वरचा बर्थ दिवसा छताकडे दुमडून ठेवण्याची सोय केली आणि डब्यात गालिचे, पडदे, स्वच्छ चादरी आणल्या. १८६७ मध्ये कंपनी काढली. पोर्टर म्हणून प्रामुख्याने गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय घेतले. पगार तुटपुंजा, मदार टिपवर. प्रवासी त्यांना सरसकट ‘जॉर्ज’ म्हणत, मालकाच्या नावाने.

१८८० पासून शिकागोजवळ कामगारांसाठी ‘पुलमन’ नावाचे गावच उभे राहिले. पक्की घरे, नळाचे पाणी, गॅस. पण घर विकत मिळायचे नाही, फक्त भाड्याने. चर्चलाही भाडे होते, इतके की ती इमारत बराच काळ रिकामी पडली.

१८९३ च्या मंदीत मजुरी सरासरी पाव हिश्शाने कापली. घरभाडे मात्र तेवढेच ठेवले आणि भागधारकांचा लाभांशही सुरू राहिला. भाडे वळते झाल्यावर कामगाराच्या हाती काही सेंट उरत. मे १८९४ मध्ये संप झाला. युजीन डेब्स यांच्या रेल्वे युनियनने पुलमन डबे जोडलेल्या गाड्या चालवायला नकार दिला आणि २७ राज्यांत वाहतूक विस्कळीत झाली. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी सैन्य पाठवले, अनेकांचा जीव गेला, संप मोडला.

पुलमन १८९७ मध्ये वारले. संतापलेले कामगार मृतदेह उकरतील, या भीतीने कुटुंबाने शिशाचे अस्तर लावलेली शवपेटी खड्ड्यात ठेवून वर काँक्रीट आणि लोखंडी रूळ घातले. पुढच्याच वर्षी इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला गावातली घरे विकायला सांगितली.