हान्स ग्रोस

पूर्वी गावात चोरी झाली, की जागल्या धुळीतील पावलांवरून चोराचा माग काढी. १८१७ साली खडकीची लढाई पाहिलेल्या एल्फिन्स्टनने हे कसब आपल्या भारताच्या इतिहासात नोंदविले आहे. युरोपात अशा कसबाला शास्त्राचे रूप दिले ते हान्स ग्रोस यांनी.

ऑस्ट्रियातील ग्रात्स नगरी १८४७ साली त्यांचा जन्म झाला. कायद्याचे अध्ययन करून ते गुन्ह्यांची चौकशी करणारे दंडाधिकारी झाले. त्या काळी तपासाची सारी भिस्त साक्षीदारांच्या सांगण्यावर असे आणि एखादा निरपराध मनुष्य त्यात सहज भरडला जाई. ग्रोस मातीत उमटलेली पावले न्याहाळू लागले. दोन पावलांत अंतर किती, पंजा कोणीकडे वळलेला, यावरून चालणाराची ढब ते ताडीत. चर्येविषयी मात्र ते फार सावध असत. आळ आला, की निर्दोष मुलाचाही चेहरा लाल होतो, हे ते जाणून होते. (हा अनुभव कोणाला नाही?)

१८९३ साली त्यांचा तपासशास्त्रावरील ग्रंथ निघाला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९०६ साली प्रसिद्ध झाले, तेही आपल्या मद्रासेत! १९१२ साली ग्रात्स विद्यापीठात त्यांनी या शास्त्राची संस्था स्थापिली. पुढे तीनच वर्षांनी, १९१५ साली, ते निवर्तले.