कानात स्वस्तिक, हातात दुसरा पासपोर्ट

कान्ये वेस्टची गाणी तुम्ही ऐकत असाल-नसाल, पण २०२५ च्या जुलैमधली ही बातमी मोबाइलवर दिसलीच असेल. हिटलरचा जयजयकार करणारं गाणं त्यानं काढलं आणि ऑस्ट्रेलियानं त्याचा व्हिसाच रद्द करून टाकला. बायको ऑस्ट्रेलियन, सासुरवाडी तिथली, तरीही. द्वेष बाहेरून आयात करायची आम्हाला गरज नाही, अशी तिथल्या मंत्र्यांची भूमिका होती.

एका गाण्यापायी एवढं? असा प्रश्न कट्ट्यावर हमखास निघतो. आणि बंदी घालून माणूस थांबतो का, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांसाठी एका बाईची गोष्ट माहीत असायला हवी. नाव ऐकून तुम्हाला ती बंगाली वाटेल. सावित्री देवी मुखर्जी.

तिचं मूळ नाव मॅक्सिमियानी पोर्टास. जन्म ३० सप्टेंबर १९०५, फ्रान्समधल्या ल्यों शहरात. आई इंग्लिश, वडिलांचं घराणं ग्रीक-इटालियन. अभ्यासात एकदम हुशार. तत्त्वज्ञानही शिकली, रसायनशास्त्रही, आणि पुढे डॉक्टरेट मिळवली. म्हणजे अडाणीपणामुळे माणूस द्वेषाच्या नादी लागतो, ही आपली सोयीची समजूत इथे पहिल्या फटक्यात बाद होते. तरुणपणीच तिच्या मनात ज्यूंबद्दल राग भरला आणि 'श्रेष्ठ आर्य वंश' या कल्पनेनं तिला पछाडलं. ही जुनी आर्य संस्कृती आता फक्त भारतातच जिवंत आहे, असं ठरवून १९३२ मध्ये ती इकडे आली.

काही काळ शांतिनिकेतनात राहिली. हिंदी, बंगाली शिकली, साडी नेसू लागली, नाव बदललं. पुढे कोलकात्याच्या हिंदू मिशनसाठी गावोगाव भाषणं करू लागली. १९३९ मध्ये हिंदू समाजाला इशारा देणारं तिचं पुस्तक आलं. त्याची प्रस्तावना होती गणेश दामोदर, म्हणजे बाबाराव सावरकरांची. संगमनेरहून सिन्नरमार्गे नाशिकला जाता ना, तिथूनच थोडं पुढे भगूर, ते बाबारावांचं गाव. एक गोरी, शिकलेली बाई आपल्या संस्कृतीचं कौतुक करते म्हटल्यावर त्या काळातल्या अनेकांना ती आपलीच वाटली. तिच्या कौतुकामागे वंशाचा कोणता हिशेब आहे, हे विचारणारे थोडे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महायुद्ध पेटलं. इंग्रज सरकारनं भारतभरातले जर्मन पकडून आपल्या नगरच्या छावणीत आणून ठेवले. त्यात कट्टर नाझी होते, आणि हिटलरपासून जीव वाचवून पळून आलेले ज्यूसुद्धा होते! पासपोर्ट जर्मन, म्हणजे शत्रू. सरकारची चाळण एवढी जाडीभरडी होती. आणि हिटलरची ही भक्त? तिच्याकडे ग्रीक पासपोर्ट. शिवाय १९४० मध्ये तिनं असित कृष्ण मुखर्जींशी लग्न केलं. हे गृहस्थ आधी नाझींची बाजू घेणारं नियतकालिक चालवायचे. लग्नामुळे तिला ब्रिटिश प्रजाजनाचे कागद मिळाले. युद्धाची सगळी वर्षं ती कोलकात्यात मोकळी राहिली.

युद्ध संपलं तेव्हा साठ लाख ज्यूंची कत्तल जगापुढे आली. तिचं मन हललं नाही. उलट १९४५ मध्ये ती युरोपात गेली आणि १९४८ मध्ये बेचिराख जर्मनीतून जाताना आगगाडीच्या खिडकीतून हातानं लिहिलेली नाझी पत्रकं फेकत सुटली. फेब्रुवारी १९४९ मध्ये पकडली गेली. तो भाग तेव्हा ब्रिटिश फौजांच्या ताब्यात होता. त्यांच्या कोर्टानं तीन वर्षांची शिक्षा ठोठावली. काही महिन्यांतच तिला सोडलं, पण जर्मनीबाहेर काढून पुन्हा यायला बंदी घातली.

बंदी होती श्रीमती मुखर्जींवर. मग १९५३ मध्ये तिनं माहेरच्या नावानं नवा ग्रीक पासपोर्ट काढला आणि खुशाल जर्मनीत शिरली. हिटलरशी संबंधित ठिकाणी फिरली, तीर्थयात्रेला जावं तशी. १९५८ मध्ये कोलकात्याहून तिचं मोठं पुस्तक निघालं. त्यात तिनं हिटलरला थेट आपल्या अवतारांच्या कल्पनेत नेऊन बसवलं. कानात ती स्वस्तिकाची कर्णफुलं घालायची. तुमच्या-माझ्या उंबऱ्यावरचं शुभचिन्ह तिच्या कानात गेलं की कुणाच्या तरी छळछावणीची आठवण व्हायचं.

१९६२ मध्ये इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड भागात नव्या नाझींचा मेळावा भरला. अमेरिकन नाझी पुढारी रॉकवेलला ब्रिटिश सरकारनं आधीच प्रवेश नाकारला होता. तो आयर्लंडमार्गे घुसला, सापडला आणि परत पाठवला गेला. सावित्री देवी मात्र त्या मेळाव्यात हजर होती.

उतारवयात ती दिल्लीत राहिली, मांजरं सांभाळत, चिकार पत्रं लिहीत. २२ ऑक्टोबर १९८२ ला इंग्लंडमध्ये वारली. अमेरिकेत भाषणं द्यायला निघाली होती.

मग बंदी फुकटच गेली का? तसं नाही. बंदीमुळे माणसाचं व्यासपीठ जातं, गर्दी जमवणं अवघड होतं. आणि ज्यांच्याविरुद्ध द्वेष पसरवला जातो, त्यांना कळतं की सरकार आपल्या बाजूनं उभं आहे. घरातली माणसं गमावलेल्या ज्यू कुटुंबासाठी ही लहान गोष्ट नाही. पण सरकारी अधिकारी नाव, शिक्का, फोटो तपासतो. विचार तपासायची चाळण त्याच्याकडे नसते. आज तिची पुस्तकं इंटरनेटवरून अतिरेकी गटांमध्ये फिरतात, त्यांना व्हिसा लागत नाही.

आपला काय संबंध, असं म्हणाल. कोकणात बेने इस्रायल ज्यू शतकानुशतकं राहिले. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. 'बूट पॉलिश'मधला जॉन चाचा साकारणारे डेव्हिड हे आडनावानं चेऊलकर, म्हणजे आपल्या रायगडातल्या चौलचे. त्यांचा धर्म वेगळा म्हणून इथे कुणी त्यांच्या जिवावर उठलं नाही. द्वेषाची सवय नसल्यामुळेच तो साडी नेसून दारात आला तेव्हा आपल्याकडे अनेकांना ओळखू आला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी एखादा परदेशी यूट्यूबर आपल्या संस्कृतीचं तोंड भरून कौतुक करायला लागला, तर लाइक ठोकण्याआधी थोडं थांबा. आपलं कौतुक करता करता तो दुसऱ्या कुणाला माणसातून उठवतोय का, तेवढं बघा. ती तपासणी विमानतळावर होत नाही.