मिल्का तेर्निना

क्रोएशियातल्या एका खेड्यात १८६३ साली जन्मलेल्या मिल्का तेर्निना लंडनच्या (१९०० साली) आणि न्यूयॉर्कच्या (१९०१ साली) पहिल्या ‘तोस्का’ होत. १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्याच मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्या वाग्नेरच्या ‘पार्सिफाल’मध्ये गायल्या. हा ऑपेरा बायरॉइटबाहेर होऊ नये, असा वाग्नेरच्या घरच्यांचा हट्ट. बाईंना बायरॉइटचे दार बंद झाले. तेही एक वेळ चालले असते! पण १९०६ मध्ये चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि ऐन बहरात रंगभूमी सुटली. ध्वनिमुद्रिकाही काढलेल्या नव्हत्या. मग हाती उरले काय? झाग्रेबला त्या शिकवू लागल्या. तिथे त्यांच्याकडे आलेली झिंका कुंच १९०६ सालचीच. तिचा गळा बाईंनी घडवला. १९३७ मध्ये झिंका मिलानोव या नावाने ती मेट्रोपॉलिटनमध्ये गायली, तेव्हा बाई हयात होत्या. १९४१ साली झाग्रेबलाच त्या वारल्या.