विश्लेषण : भिंतीभिंतीवरची ‘ती’ निळी लाट कोणाची?

उसळलेली निळी लाट, फेसाला जणू नखे फुटलेली, खाली तीन होड्या आणि मागे इवलासा फुजी पर्वत. दिवाणखान्यात, कॅफेत, मोबाइलच्या कव्हरवर हे चित्र कुठे ना कुठे नजरेस पडतेच. २०२४ पासून ते जपानच्या हजार येनच्या नोटेवरही आहे. ते काढले तेव्हा कात्सुशिका होकुसाई सत्तरीचा होता आणि पैशांची पार ओढाताण झालेली होती.

होकुसाई कोण होता?

त्याचा जन्म १७६० चा, एदोमधला, म्हणजे आजच्या टोकियोतला. किशोरवयात तो लाकडी ठसे कोरायला शिकला. मग कात्सुकावा शुनशो या चित्रकाराच्या हाताखाली काबुकी नटांची चित्रे काढू लागला. आयुष्यात त्याने नाव सुमारे ३० वेळा बदलले आणि घर ९० हून अधिक वेळा. पसारा आवरण्यापेक्षा बिऱ्हाड हलवणे त्याला सोपे वाटे, असे सांगतात.

१८२० च्या दशकाअखेरीस संकटे एकदमच आली. त्याला पक्षाघाताचा झटका आला, १८२८ मध्ये पत्नी गेली आणि नातवाने जुगारात केलेले कर्ज अंगावर पडले. घटस्फोटित मुलगी ओई सोबतीला होती. तीही उत्तम चित्रकार.

लाट कशी छापली गेली?

१८३०-३१ च्या सुमारास निशिमुराया योहाची या प्रकाशकाने फुजी पर्वताच्या ३६ दृश्यांची मालिका काढली. परदेशातून येणारा प्रशियन निळा रंग तोवर स्वस्त झाला होता. मालिका इतकी खपली, की आणखी १० चित्रे काढावी लागली. लाट याच मालिकेतली. तिच्या डाव्या कोपऱ्यातली सही मोबाइलवर मोठी करून पाहावी. होकुसाई हे नाव सोडून आता इइत्सु झाल्याचे तो तिथे नोंदवतो.

गंमत म्हणजे या चित्राची हाताने काढलेली मूळ प्रत नाहीच. पातळ कागदावरचे रेखाटन चेरीच्या लाकडावर उलटे चिकटवत आणि कारागीर कागदासकट लाकूड कोरी. रेखाटन तिथेच संपे. मग रेषांचा एक ठसा आणि रंगांचे वेगळे ठसे तुतीवर्गीय झाडाच्या सालीच्या कागदावर हाताने घासून उमटवत. अशा हजारो प्रती निघाल्या. किंमत साधारण नूडल्सच्या एक-दोन वाडग्यांइतकी! ठसे प्रकाशकाचे असल्याने खप वाढला तरी चित्रकाराची चांदी होत नसे.

ठसे झिजले तशा रेषा तुटत गेल्या, म्हणून अखंड रेषांच्या सुरुवातीच्या प्रतींना मोल. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एक प्रत २७ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. आपल्या भिंतीवर असते ते बहुधा डिजिटल पुनर्मुद्रण. आजही हाताने कोरून छापलेल्या नव्या प्रती टोकियोत मिळतात, फक्त त्या उन्हात टांगू नयेत. जुन्या प्रतींच्या आकाशातली गुलाबी छटा उजेडानेच उडाली आहे.

पुढे काय झाले?

१८३९ मध्ये आगीत त्याचे घर आणि कितीतरी रेखाटने जळाली. तरी चित्रे थांबली नाहीत. १८४९ मध्ये तो वारला. जपानची बंदरे खुली झाल्यावर ही चित्रे युरोपात गेली आणि मोने, व्हॅन गॉग यांनी ती जमवली. होकुसाईच्या अखेरच्या काही चित्रांत ओईचा हात किती, यावर अभ्यासकांचे अजून एकमत झालेले नाही.