शांतीसाठी झटलेले ना. म. जोशी



मुंबईत लोअर परळला ना. म. जोशी मार्ग आहे. कामानिमित्त तिकडे गेलेल्या आपल्यापैकी काहींनी ती पाटी वाचली असेल. हे जोशी कोण आणि जगाच्या शांतीशी त्यांचा काय संबंध, हे या रविवारी थोडक्यात सांगावे असे आम्हाला वाटते.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. असा संहार पुन्हा होऊ नये म्हणून १९१९ च्या व्हर्सायच्या तहात राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना अशा दोन संस्था उभारण्याचे ठरले. जेथे मजुरावर अन्याय होतो तेथे शांती टिकत नाही, हा दुसऱ्या संस्थेचा पाया होता. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या रेरूम नोव्हारूम या परिपत्रकात न्याय्य मजुरीचा प्रश्न मांडलाच होता. यशया संदेष्ट्यानेही शांतीला न्यायाचे फळ मानले आहे.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म १८७९ साली आजच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगावचा. काही वर्षे शिक्षकाची नोकरी करून १९०९ साली ते नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली व कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. आपल्या वऱ्हाडचा कापूस ज्या गिरण्यांत जाई, तेथे तेव्हा कायद्यानेच पुरुष कामगाराचा दिवस १२ तासांचा होता.

१९१९ च्या अखेरीस वॉशिंग्टनला कामगार संघटनेची पहिली परिषद भरली. भारतात देशव्यापी कामगार संघटना नव्हती, म्हणून सरकारनेच जोशींना कामगारांचे प्रतिनिधी नेमले. परिषदेने आठवड्याला ४८ तास काम ठरवले. भारतासाठी मात्र ६० तास. तेवढेही १९२२ च्या कारखाना कायद्याने पदरात पडले. दरम्यान १९२० साली ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन करण्यात जोशी पुढे होते.

याच संघटनेच्या १९२९ च्या नागपूर अधिवेशनात फूट पडली. ब्रिटिशांनी नेमलेल्या कमिशनवर बहिष्कार घालावा, जिनिव्हाशीही संबंध नको, असे बहुमत झाले. गुलाम देशाने परक्यांच्या टेबलाशी का बसावे, हा त्यांचा प्रश्न गैर नव्हता. पण बोलणे थांबले तर मजुराच्या पदरात काहीच पडणार नाही, असे जोशींना वाटले आणि स्वतः वाढवलेली संघटना सोडून ते बाहेर पडले. मात्र त्यांनी वैर धरले नाही. १९४० साली दोन्ही गट एक झाले आणि जोशीच पुन्हा सरचिटणीस झाले.

१९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत ५४ तास आले. कापसाचे जिन हंगामी ठरल्याने खामगाव, मलकापूरच्या जिनांतील मजुराला मात्र ६० तासच राहिले. १९४८ च्या कायद्याने हा भेद मिटवला व सर्वांना ४८ तास दिले.

राष्ट्रसंघ दुसरे महायुद्ध थांबवू शकला नाही आणि १९४६ साली विसर्जित झाला. कामगार संघटना टिकली. १९६९ साली तिला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी पोप सहावे पॉल तिला भेट देण्यास जिनिव्हाला गेले. जोशी १९५५ साली वारले. त्याच वर्षी पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस कामगार संत योसेफ यांचा सण म्हणून दिला.

बंधुभगिनींनो, मिस्सामध्ये आपण एकमेकांना शांती देतो. आपल्यातील काही जण मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात, काही जण स्वतःच निंदणीला, वेचणीला मजूर लावतात. लावलेल्या बाईची मजुरी आपल्याकडे राहिली असेल, तर ती शांती अपुरी आहे. याकोबाने आपल्या पत्रात अशा दाबलेल्या मजुरीबद्दल फार कडक शब्दांत लिहिले आहे. पुढच्या रविवारी मिस्साला येण्यापूर्वी ती देऊन टाकू या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू